कांताताईचा लाल क्रेट

कांताताईला कुणी शिव्या घातल्या की माझं डोकं फिरतं. तिला शिव्या घालायचा हक्क माझा एकटीचा आहे आणि तो मी रोज वापरते. आमच्या गोडदेवच्या गल्लीत बायका पाणी भरताना कुजबुजतात, "हिच्यामुळे गाळा बंद पडला." मी म्हणते, गाळ्याचं सोडा गं. भाईंदरमध्ये गाळे कमी आहेत का? माझ्या रक्ताचं काय, ते आधी विचारा.

पण थांबा. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल शालू नुसती भांडायलाच बसलीये. बसलेच आहे भांडायला. पण नीट सांगून भांडणार.

कांताताई हिंगोलीकडची. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर, म्हणजे कोंडिरामभाऊंबरोबर, इकडे आली. भाऊ बेव्हर्ली पार्कातल्या एका सोसायटीत वॉचमन होते. कांताताई आधी स्टीलच्या चमच्यांना पॉलिश करायची, मग आमच्या गाळ्यात आली. आमच्या गाळ्यात तेव्हा फिशटँकचं सामान बनायचं. हवेच्या नळ्या आणि त्यात बसवायच्या रबराच्या इवल्या इवल्या झडपा. माझं टेबल तिच्या टेबलाला लागून. जेवायला बसलो की तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या डब्यात आणि माझं सुकट तिच्या डब्यात. एवढी वर्षं अशीच गेली.

बाईला एकच खोड. काही म्हणजे काही टाकू द्यायची नाही. चपलेचा अंगठा तुटला, छत्रीची काडी वाकली, मिक्सरच्या झाकणाला तडा गेला, की हिचा हात पुढे. "टाकू नगं. दे इकडं, बघू दे." आणि खरंच नीट करायची हो! माझ्या नवऱ्याच्या चष्म्याची काडी तिने साध्या सुईने आणि दोऱ्याने अशी बसवून दिली की चष्मा बदलला तरी ती काडी तशीच. फिशटँकची खराब झडपसुद्धा ती टाकायची नाही. सुईने जरा कड उचलायची, ब्लेडने धागा कापायची, गमचा ठिपका लावायची. झाली झडप. माशांनी कधी तक्रार केली नाही.

मग गाळ्याचा कारभार मालकांच्या मुलाकडे, कौस्तुभकडे आला. दादरहून इकडे राहायला आलेलं कुटुंब, शिकलेला पोरगा, बोलायला गोड. त्याने एक दिवस सगळ्यांना गोळा केलं आणि एक नळी हातात धरून दाखवली. म्हणाला, "आता मासे बंद. आता आपण हॉस्पिटलचा माल करणार."

त्याने समजावलं ते माझ्या अजून कानात आहे. डॉक्टर पोटात दुर्बीण घालतात. आत घाण आली की दिसत नाही, म्हणून बाटलीतून पाणी सोडून धुवायचं. ते पाणी ह्या नळीतून जातं. दुर्बीण प्रत्येक पेशंटनंतर धुतात. नळी मात्र दिवसभर तीच, म्हणून तर नळीत झडप. पाणी पुढे जाणार, मागे येणार नाही. "आणि मागे आलं तर?" कुणीतरी विचारलं. कौस्तुभ म्हणाला, "तर एकाच्या पोटातलं दुसऱ्याच्या पोटात."

"शीऽऽ!" आम्ही सगळ्या ओरडलो. कांताताईने झडप दोन बोटांत चोळून बघितली आणि माझ्या कानात म्हणाली, "फिशटँकचीच हाय की गं. जराशी पातळ."

मी हसले. बोलण्यासारखं त्यात तरी काय होतं?

तर ह्या मालाला सरकारची मंजुरी लागते. उगाच बनवला आणि विकला असं चालत नाही. ऑडिटर येणार, गाळा तपासणार, आधी तीन लॉट बनवून दाखवायचे, त्यातल्या नळ्या लॅबमध्ये जाणार, मग लायसन्स. झालं! गाळ्याचा अवतारच बदलला. भिंती पांढऱ्या, डोक्याला जाळी, तोंडाला मास्क. बांगड्या काढा, नेलपॉलिश काढा, गजरा तर बघूसुद्धा नका. आणि प्रत्येक टेबलाला दोन क्रेट. हिरव्यात चांगला माल, लालमध्ये खराब.

कौस्तुभने आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, हे मी कुणाहीसमोर सांगेन. म्हणाला, "ताई, लाल क्रेट भरला तर भरू द्या. मशीन कुठे चुकतंय ते मला त्यातूनच कळणार. लाल क्रेट लपवलात तर मी आंधळा झालो समजा."

पण तो केबिनमध्ये गेला आणि गुणवंत सुपरवायझर पुढे आला. "ऐकलं ना सगळ्यांनी? आता माझं ऐका. जिचा लाल क्रेट जास्त भरेल, तिने दुसरं काम बघून ठेवायचं." आता तुम्हीच सांगा, बाईने कुणाचं ऐकायचं? शेठ दिवसातून एकदा दिसतो. गुणवंत दिवसभर डोक्यावर उभा असतो.

आणि नशीब बघा. झडपा कापायचे डाय, म्हणजे साचे, दोन होते, एक नवा आणि एक जुना. जुन्या डायच्या झडपा माझ्या टेबलावर यायच्या. त्यांची कड फाटकी, बारीक धागा लोंबायचा, झडप पुरती मिटायची नाही. मी लालमध्ये टाकत गेले. जेवणापर्यंत माझा क्रेट काठोकाठ. डबा तसाच राहायचा. माझ्या नवऱ्याची नोकरी तेव्हा सुटलेली, घर माझ्यावर. कांताताई माझं तोंड बघायची आणि म्हणायची, "जेव गं शाले. काय होत न्हाई."

मग काय झालं, की माझा लाल क्रेट दुपारनंतर हलका दिसायला लागला. मला वाटलं, गुणवंत मोजायला घेऊन जातो. मी कशाला विचारू? उलट देवाचे आभार मानले. खरं म्हणजे मी डबे गरम करायला उठले, की ही बाई माझ्या क्रेटमधल्या नळ्या मूठमूठ उचलायची. सुई, ब्लेड, गमचा ठिपका. अंगठ्याने दाबून बघायची, पाणी थांबलं की हिरव्यात. माझी नोकरी राहावी म्हणून. माझ्यासाठी, कळलं का? हीच तर माझी पंचाईत आहे.

ऑडिटर आली, नीलम मॅडम म्हणून. शांत बाई. ना ओरडणं, ना चहा घेणं. सगळं बघून झाल्यावर ती माझ्या टेबलापाशी वाकली आणि लाल क्रेटमध्ये डोकावली. तळाला चार नळ्या पडलेल्या.

"एवढेच?"

गुणवंत छाती काढून म्हणाला, "मॅडम, आमच्या बायका एक नंबर आहेत."

मॅडम तो क्रेट हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. "नवीन कामाच्या मानाने फारच चांगलं आहे," एवढंच म्हणाली आणि क्रेट जागेवर ठेवला. तिच्या तोंडावर आनंद काही दिसला नाही. कांताताई शेजारी मान खाली घालून झडप बसवत होती. मास्क होता, म्हणून तिचंही तोंड दिसलं नाही.

लॅबमध्ये नळ्या पास झाल्या. होणारच. गमचा ठिपका पहिल्यांदा धरतो. तासन्‌तास पाणी वाहिलं की मग काय करतो, ते कुणाला माहीत? जुना डाय तसाच राहिला, कारण लाल क्रेटने कौस्तुभला काही सांगितलंच नाही. लायसन्स आलं. पेढे वाटले, फोटो काढले, गुणवंतने नवा शर्ट घातला. बॉक्स भरभरून नाशिकला गेले, सुरतला गेले, आणि पहिला बॉक्स गेला इथल्याच, मीरा रोडच्या एका स्कोपी सेंटरला, म्हणजे पोटात दुर्बीण घालतात तिथे.

त्या सेंटरच्या डॉक्टरशी बोलून कौस्तुभने आमच्यासाठी कॅम्प ठेवला. गाळ्यातली माणसं आणि घरचे, ज्याला पोटाचा त्रास त्याची दुर्बिणीची तपासणी फुकट. चांगल्या मनाने केलं हो त्याने. मला ॲसिडिटी, छातीत जळजळ, मी नाव दिलं. कांताताईच्या लेकीने, तेजश्रीने दिलं, ती आमच्याकडेच पॅकिंगला होती. आणि कोंडिरामभाऊंचं नाव लागलं. भाऊंना मधूनमधून रक्ताची उलटी व्हायची.

भाऊंना लिव्हरची कावीळ होती. ती साधी पिवळी पडणारी नव्हे, रक्तातून पसरणारी, सी नावाची. दारूचा थेंब न घेतलेला माणूस. तरुणपणी गावाकडे अपघात झाला तेव्हा रक्त चढवलं होतं, त्यातून आली म्हणतात. आधीच्या खोलीवर शेजाऱ्यांना कळलं तर ह्यांच्या घरचा चहा बंद झाला, पोरीला कुणी खेळायला घेईना. म्हणून गोडदेवला आल्यावर कांताताईने तोंड शिवून घेतलं. मलासुद्धा सांगितलं नाही. मला! जिच्या डब्यात रोज हात घालत होती तिला.

कॅम्पच्या दिवशी आम्ही तिघं उपाशीपोटी बसलेलो. कौस्तुभने हौसेने काजूकतली आणलेली. मी म्हटलं, "शेठ, उपाशी माणसांपुढे मिठाई? पाप लागेल." सगळे हसले. तिथल्या लोकेश नावाच्या टेक्निशियनने भाऊंना विचारलं, "काका, आधी कुठला आजार? कावीळ वगैरे?" भाऊंनी बायकोकडे बघितलं. कांताताई म्हणाली, "शुगर हाय. बाकी काई न्हाई." शुगरवाल्याला उपाशी ठेवत नाहीत, म्हणून भाऊंचा पहिला नंबर लागला. दुसरा माझा. तेजूचा शेवटचा.

कौस्तुभला फोटो हवा होता. म्हणून लोकेशने आमच्यासमोर नळीचं नवं पाकीट फोडलं. "आपल्या गाळ्याचा माल!" कौस्तुभ म्हणाला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. पाकिटावर लॉटचा नंबर होता. तेजूनेच चिकटवलेलं लेबल. मंजुरीसाठी बनवलेल्या त्या तीन लॉटमधलं पाकीट, उरलेला तो माल लायसन्स आल्यावर पहिल्यांदा निघालेला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. कांताताईने दिलं. टाळी वाजवता वाजवता तिचे हात मधेच थांबले, आणि मला वाटलं, नवऱ्याची काळजी.

भाऊ आत गेले. दारातून ओकाऱ्यांचा आवाज यायला लागला. मला भीती वाटली म्हणून मी बाथरूमला जाऊन तोंडावर पाणी मारून आले. आले तेव्हा भाऊ बाहेर बाकावर होते, तोंडाला टॉवेल, टॉवेलवर लाल डाग. तेजू दिसली नाही. लोकेशने हाक मारली, "शालू कोण?"

मी उठले तर कांताताईने माझं मनगट धरलं. घट्ट.

"काय गं?"

ती बोलेना. ओठ हलत होते, आवाज नाही.

"अगं सोड ना ताई, मी काय मरायला चाललेय?"

"नगं जाऊ," ती म्हणाली.

"का?"

कौस्तुभ समोरच उभा होता, हातात मिठाईचा बॉक्स. गुणवंत त्याच्या शेजारी. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. लोकेश हसला, "मावशींना भीती वाटते वाटतं." मीही हसले. तिची बोटं एकेक करून सोडवली आणि आत गेले. एक शब्द बोलली असती तर! "कावीळ" म्हटलं असतं, "झडप" म्हटलं असतं, काही एक.

आत घशात फवारा मारला, घसा बधिर झाला. तोंडात प्लास्टिकचं कडं बसवलं, कुशीवर झोपवलं. दुर्बीण आत सरकली, डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरने पायाने पॅडल दाबलं आणि पोटात पाणी खळखळलं. मला तेव्हा काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. म्हटलं, आपल्या गाळ्याच्या नळीतून पाणी येतंय.

बाहेर आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, काही नाही, साधी ॲसिडिटी. कांताताईने मला धरून जिन्यात नेलं, पायरीवर बसवलं, आणि मग सगळं सांगितलं. भाऊंची कावीळ, माझा लाल क्रेट, सुई, गम, पाकिटावरचा लॉट. माझा घसा बधिर होता. तोंडातून लाळ गळत होती, ओरडायला जावं तर नुसती घरघर. मी तिच्या दंडावर मारत सुटले. ती हललीसुद्धा नाही. मग तिच्या पदराला धरून तिला ओढत खाली कौस्तुभकडे नेलं. त्याच्यासमोर ती सगळं बोलली. तेव्हा बोलली!

कौस्तुभ पळत वर गेला. तेजू नव्हती म्हणून यादी संपली होती. लोकेशने नियमाप्रमाणे नळी कापून लाल पिशवीत टाकली होती आणि कचऱ्याची गाडी पिशवी घेऊन गेली होती. माझ्या पोटात पाणी सोडणारी नळी चांगली होती की कांताताईने गम लावलेली, हे आता कुणालाच कधी कळणार नाही.

कौस्तुभने काही लपवलं नाही. स्वतः सरकारला कळवलं, माल परत मागवला, गाळ्याला कुलूप लावलं. परत आलेल्या नळ्यांत त्याने शाईचं पाणी सोडून बघितलं. काहींत शाई थांबली, काहींत मागे आली. आणि नाशिकहून परत आल्या त्या थोड्याच. बाकीच्या वापरून झाल्या होत्या. कुणाच्या पोटात, कुणाच्या मागून कोण, त्या लोकांचा काय पत्ता? मला कधी कधी दुपारी बसल्या बसल्या ती माणसं दिसतात. कॅम्पला आल्यासारखी उपाशी, रांगेत बसलेली.

डॉक्टर म्हणाले, रक्त आत्ता तपासू आणि पुन्हा तीन महिन्यांनी. पहिलं रक्त स्वच्छ आलं. त्यावर खूश होऊ नका, म्हणाले. ते तीन महिने मी कशी जगले माझं मला माहीत. माझा ब्रश वेगळा, नेलकटर वेगळा. भाजी चिरताना बोट कापलं तर लेकीला, नेहाला, ओट्याजवळ येऊ दिलं नाही. ती विचारायची, "आई, मी काय केलं?" काय सांगणार?

कांताताई रोज यायची. बाकीच्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, मी शिव्या द्यायचे, तरी यायची. खाली मान घालून ऐकायची, माझी भांडी घासायची आणि जायची. एकदा नेहाच्या चपलेचा पट्टा तुटला. मी मुद्दाम तिच्यासमोर ठेवली. तिने चप्पल उचलली, उलटीसुलटी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला बरं वाटलं, आणि लगेच रडू आलं.

दुसऱ्या तपासणीच्या थोडं आधी तेजू घरी आली होती. पोरगी भोळी. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, त्या दिवशी माझा नंबर वाचला तो आईमुळे. तू बाथरूममध्ये होतीस ना, तेव्हा आई म्हणाली, सिलिंडरचा कॉक उघडा राहिलाय, आत्ताच्या आत्ता रिक्षा कर आणि घरी जा. मी धावत गेले तर सिलिंडर रिकामाच, आदल्या दिवशी संपलेला. आईलाच तर माहीत होतं!"

मी चहा ओतत होते. कप भरून बशीत, बशीतून ओट्यावर. तेजू म्हणाली, "मावशी, सांडतंय."

म्हणजे मी बाथरूममधून बाहेर यायच्या आधीच. तेजूचा नंबर माझ्या मागे होता, तरी आधी ती घरी पोचली. तिच्यासाठी खोटं सुचलं, रिक्षा सुचली, सिलिंडर सुचला. माझ्यासाठी काय, तर मनगट.

दुसऱ्या वेळचा रिपोर्ट आणायला कांताताई माझ्याबरोबर आली होती. लॅबच्या बाकावर मी तिला विचारलं. तेव्हा ओरडले नाही. म्हटलं, "तेजूला सिलिंडर सांगितलास. मला का नाही काही सांगितलंस?"

ती फरशीकडे बघत म्हणाली, "तेजूच्या वेळंला इचार करावा लागला न्हाई, शाले. तोंडातून आपोआप निघालं. तुझ्या वेळंला मी इचार करत बसले. गाळा जाईल, ह्यांचं नाव निघंल, तुझी नोकरी जाईल. इचार सरला तवर तू आत गेल्तीस."

एवढं खरं बोलू नये माणसाने. खोटं बोलली असती तर मी तिला माफ केलं असतं.

काउंटरवरच्या मुलीने माझं नाव पुकारलं. माझ्या रक्तात ती कावीळ निघाली. डॉक्टर म्हणाले, नळीतूनच आली असं छातीठोक सांगता येणार नाही. मी म्हटलं, नका सांगू. गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, बहुतेकांचं बरं होतं. भाऊंनाही आता त्याच गोळ्या चालू केल्यात. इतकी वर्षं लपवलं नसतं तर आधीच बरा झाला असता तो माणूस.

दोघांच्या गोळ्या कांताताईच आणते. रांगेत तीच उभी राहते, संध्याकाळी तीच माझ्या दारात येते, एका हातात गोळ्यांची बाटली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. यायला उशीर झाला तर माझा जीव खालीवर होतो, आणि आली की तळपायाची आग मस्तकात जाते. दोन्ही खरं आहे, काय करू?

बाटली मी तिच्या हातून घेते, पण लगेच उघडत नाही. आधी दिव्याखाली धरते. झाकणाचं सील फिरवून फिरवून बघते, कुठे उचकटलंय का, कुठे गम लावून परत बसवलंय का. ती उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत असते. आधी म्हणायची, "शाले, सील मोडलेलं न्हाई गं." आता तेही म्हणत नाही. पेला धरून उभी असते, माझं बघून होईपर्यंत.